चांदीच्या भावानं गेलेली चित्रं

चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराचा व्यवहार कसा चालायचा, हे पिंपरी-चिंचवडकरांना वेगळं सांगायला नको. भोसरी, तळवडे, चाकण इथल्या कारखान्यांतून निघालेला पत्रा, बॅरल, केबल, प्लास्टिकचे क्रेट, मोडक्या मशिनी, कॉम्प्युटरचे सांगाडे असं सगळं इथं यायचं, तोडलं जायचं, निवडलं जायचं आणि वजनावर विकलं जायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं इथली हजारो शेड आणि गोदामं पाडली, तेव्हा या बाजाराचा पसारा केवढा होता हे बाहेरच्यांनाही कळलं. भंगारवाला वस्तू हातात घेतो तेव्हा ती काय होती हे विचारत नाही, ती कशाची आहे हे बघतो. तांब्याचा भाव वेगळा, पितळेचा वेगळा, बिडाचा वेगळा.

भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या काळाचा मोठा भाग याच हिशेबानं संपला. काळ्यापांढऱ्या फिल्मवर जे चित्र दिसतं ते चांदीच्या सूक्ष्म कणांचं असतं. प्रकाश जिथं जास्त पडला तिथं निगेटिव्हवर चांदी जास्त साठते आणि तो भाग काळा दिसतो. म्हणजे नायिकेचा चेहरा, रस्त्यावरची गर्दी, देवळाचा कळस हे सगळं चांदीतच उमटलेलं असतं. चित्रपटाचा धंदा संपला, थिएटरवाल्यांनी मागणी थांबवली, की रिळांचे डबे वितरकाच्या गोदामात जागा अडवून बसायचे. मग ते धुऊन चांदी काढणाऱ्याकडे जायचे. चांदी वेगळी झाली की खाली पारदर्शक सेल्युलॉइड उरायचं. त्यालाही गिऱ्हाईक होतं, त्यातून बांगड्यांसारख्या वस्तू व्हायच्या. कुणी दुष्टपणानं हे केलं असं नाही. चित्रपट एकदा चालून गेला की पुन्हा कुणी बघेल, अशी कल्पनाच त्या काळी कुणाच्या डोक्यात नव्हती. टीव्ही नव्हता, कॅसेट नव्हत्या. जुन्या चित्रपटाला चांदीपलीकडे किंमत उरत नव्हती.

आपल्याकडे मूकपटांच्या काळात सुमारे १३०० चित्रपट तयार झाले. त्यांतले आज तीसच्या आसपास शिल्लक आहेत आणि तेही तुकडे धरून. अमेरिकेतली स्थिती बरी म्हणावी अशी नाही. तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पूर्ण लांबीच्या सुमारे ११ हजार मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात पूर्ण उरले आहेत. आपल्याकडे मात्र शंभरातले दोन-तीनच हाती लागतात.

दादासाहेब फाळक्यांचंच बघा. ९५ चित्रपट आणि २७ लघुपट अशी त्यांच्या कामाची मोजदाद सांगितली जाते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा तो चार रिळांचा, ३७०० फुटांचा होता. आज पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं उरली आहेत. ती तरी १९१३ च्या चित्रपटाची आहेत की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्या चित्रपटापासून आपण भारतीय सिनेमाचं वय मोजतो, त्याबद्दल ही अवस्था. त्याच्याही वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ याच कोरोनेशनमध्ये लागला होता. फाळके पहिले की तोरणे पहिले, हा वाद मराठीत अनेक दशकं चालला आहे. वादाचा निकाल लावायला ‘पुंडलिक’ची फिल्म मात्र उरलेली नाही.

‘हरिश्चंद्र’ची दोन रिळं तरी उरली, याचं श्रेय पी. के. नायर यांना. तिरुवनंतपुरमला जन्मलेला हा माणूस १९६१ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि पुढची पंचवीसेक वर्षं नायर आणि संग्रहालय वेगळे राहिलेच नाहीत. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा संग्रहात सुमारे १२ हजार चित्रपट होते, त्यांतले ८ हजार भारतीय. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या जयकर बंगल्यातून हे सगळं चालायचं. नायर नाशिकला फाळक्यांच्या मुलांना भेटले. ‘कालिया मर्दन’मध्ये लहानपणी कृष्णाचं काम केलेल्या मंदाकिनीबाई तेव्हा हयात होत्या. घरच्यांकडून जी रिळं मिळाली ती घेऊन नायर पुण्याला आले. ‘कालिया मर्दन’चे तुकडे विस्कळीत होते. ते फाळक्यांच्या टिपणांशी ताडून नायरांनी क्रमानं लावले आणि १९१९ चा तो चित्रपट पुन्हा बघता येईल असा झाला. पाण्यात उडी घेणारा, नागाशी झुंजणारा तो लहानगा कृष्ण आज आपण बघतो. फाळक्यांच्या ट्रिक फोटोग्राफीबद्दल आपण जे बोलतो, त्याचा मोठा आधार त्या जुळणीत आहे. ‘लंका दहन’चा मात्र थोडासा तुकडाच उरला आहे. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या होत्या.

‘आलम आरा’च्या बाबतीत नायरांना यश आलं नाही. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला हा पहिला भारतीय बोलपट. नायर त्याचे निर्माते-दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांना त्यांच्या अखेरच्या वर्षांत भेटले. काही रिळं असतील, असं म्हाताऱ्या इराणींनी सांगितलं. पुढे त्यांच्या मुलानं नायरांना सांगितलं की ती रिळं चांदी काढून निकालात काढली. पुढे एकदा ‘आलम आरा’ची शेवटची प्रत पुण्याच्या आगीत जळाली, अशी बातमी देशभर छापून आली. ती चूक होती. संग्रहालयाकडे ‘आलम आरा’ कधी आलाच नव्हता. पण आग खरी होती, तिच्याकडे पुढे येतो.

त्याआधी एका चित्रपटाबद्दल बोलायलाच हवं, कारण तो पिंपरी-चाकणच्या या पट्ट्यात राहणाऱ्यांचा आहे असं मला फार वाटतं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’, १९२५ सालचा मूकपट. पौराणिक कथांची चलती असताना पेंटरांनी शेतकऱ्याची गोष्ट घेतली. सावकार खोट्या कागदावर जमीन लाटतो. शेतकरी देशोधडीला लागतो, शहरात येतो आणि गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. भारतीय सिनेमातल्या वास्तववादाची सुरुवात इथून सांगतात.  

हा चित्रपट आज नाही. जमीन गेलेला माणूस कारखान्याच्या गेटवर येऊन उभा राहतो, ही गोष्ट चाकणच्या परिसरात घरोघरी माहीत आहे. कुणाची शेती एमआयडीसीच्या संपादनात गेली, कुणी मराठवाड्यातलं कोरडवाहू रान सोडून भोसरीत खोली घेतली. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसानं स्वतःच्या कारागिरीनं बनवलेल्या कॅमेऱ्यानं चित्रपट काढायला सुरुवात केली आणि पुढे ही गोष्ट पडद्यावर आणली. तिचा एक फूटही आपल्याकडे नसावा, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. पेंटरांनी १९३६ मध्ये याच नावाचा बोलपट केला; त्यातली अंधुक उजेडातली उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या लक्षात राहिलं होतं. पण मूळचा तो मूळचा. नायरांनी हरवलेल्या मौल्यवान भारतीय चित्रपटांची एक यादी केली होती. ‘आलम आरा’बरोबर ‘सावकारी पाश’ त्या यादीत आहे. प्रभातनं १९३३ मध्ये रंगीत करण्याचा प्रयत्न केलेला ‘सैरंध्री’ही आहे. त्याच्या प्रती रंगासाठी जर्मनीत काढल्या होत्या आणि तो प्रयोग फसला होता.

वस्तू बुडाली तरी वाचते कशी, याचा दाखलाही याच परिसरात आहे. देहूला इंद्रायणीत तुकोबांच्या वह्या बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. वारकरी श्रद्धेनं ती सांगतात आणि तिच्यावर कुणी टीका करावी असा माझा हेतू नाही. तिच्या शेजारीच दुसरी परंपराही सांगितली जाते. चाकणचे संताजी जगनाडे तुकोबांचे टाळकरी होते आणि अभंग लिहून घेत होते. अभंग लोकांच्या तोंडी होते, ते गोळा करून संताजींनी पुन्हा लिहिले, असं सांगतात. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ छापला, तो तळेगावला मिळालेल्या जगनाड्यांच्या वह्यांवरून. वही एक असली तरी अभंग गावोगाव पसरले होते. कीर्तनकाराकडे होते, दिंडीत होते, जात्यावर बसलेल्या बाईकडे होते. कुणी एक प्रत नष्ट केली तरी बाकीच्या शाबूत होत्या. संग्रहशास्त्र आज हेच सांगतं: प्रती अनेक असाव्यात आणि त्या एका जागी नसाव्यात.

चित्रपटाला ही सोय नव्हती. मूकपटाच्या मोजक्या प्रिंट निघायच्या. त्याच गावोगाव, तंबूतंबूतून फिरायच्या. ऑपरेटर तुटलेली फिल्म कापून जोडायचा, प्रत्येक जोडाला काही चौकटी जायच्या. फिरून फिरून प्रिंट चाळणी झाली की ती भंगारात. कीर्तन ऐकून माणूस अभंग घरी नेऊ शकतो. चित्रपट बघून आलेला माणूस चित्रपट घरी नेऊ शकत नव्हता. फार तर दोन पैशांची गाण्यांची पुस्तिका न्यायचा. अनेक हरवलेल्या बोलपटांची माहिती आज अशा पुस्तिकांवरूनच मिळते.

तुकोबांवरचा प्रभातचा चित्रपट सुदैवानं शाबूत आहे. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला, मुंबईत ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम बघून लोक थिएटरात हात जोडायचे. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचलेला एक अभंग तर लोकांना तुकोबांचाच वाटला आणि तो गाथ्यात शोधणारेही निघाले. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली, स्टुडिओ विकला गेला. विष्णुपंत दामल्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी नंतर चित्रपटांचे हक्क परत मिळवले आणि जिवापाड जपले. घरातला कुणी मागे लागला म्हणून चित्रपट वाचला, असं फाळके आणि प्रभात दोघांच्याही बाबतीत दिसतं. ज्यांच्या घरात असं कुणी नव्हतं, त्यांची नावं फक्त यादीत उरली.

आता त्या आगीकडे. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेट फिल्मवर निघायचे. सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हा पदार्थ बनतो. याच कुळातलं रसायन स्फोटकांत वापरतात. त्याच्यावरचं चित्र फार सुंदर येतं, काळा खरा काळा आणि उजेड चमकता. पण नायट्रेट पेटला की पाण्यानं विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्याच रेणूंत असतो. पाण्याखालीही तो जळत राहतो. खराब होत गेलेलं रीळ उष्णतेत आपसूकही पेटू शकतं.

पेटलं नाही तरी ते मरतंच, फक्त सावकाश. असं रीळ उघडून बघितलं तर क्रम कळतो. आधी चित्र फिकट होतं, पिवळट-तपकिरी छटा येते आणि उग्र वास सुटतो. मग वरचा थर चिकट होतो, वेटोळी एकमेकांना चिकटतात. नंतर फुगे येतात, रीळ फेसाळल्यासारखं दिसतं. मग सगळं मिळून एक घट्ट गोळा होतो. शेवटी डब्यात तपकिरी भुकटी राहते आणि डब्याचा पत्राही गंजून खाल्लेला असतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर असताना दुसऱ्या फिल्मवर प्रत काढता येते, पुढे काही करता येत नाही. नंतर आलेली ॲसिटेट फिल्म ‘सुरक्षित’ म्हणवली गेली, कारण ती तशी पेटत नाही. पण उष्ण, दमट हवेत तिलाही रोग लागतो. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. फिल्म आकसते, वाकडी होते, कडेची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांत बसेनाशी होतात. एका रिळाला लागलेला हा वास शेजारच्या रिळांनाही बाधतो. म्हणून फिल्म थंड, कोरड्या हवेत ठेवावी लागते, रंगीत फिल्म तर दोन ते चार अंश तापमानात. पुण्याचा पावसाळा आणि खंडित वीजपुरवठा डोळ्यांसमोर आणला म्हणजे हे काम काय आहे ते लक्षात येईल.

८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली. ६०७ चित्रपटांची ५०९७ रिळं गेली. त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांच्या सुरक्षित फिल्मवर प्रती काढून झाल्या होत्या, त्यामुळे ते चित्रपट बघायला उरले. पण मूळ निगेटिव्ह गेली म्हणजे काय गेलं, हे आज जास्त जाणवतं. तंत्र पुढे जातं तसं मूळ निगेटिव्हमधून अधिकाधिक तपशील काढता येतो. प्रतीवरून काढलेली प्रत कधीच तेवढं देत नाही. आगीनंतरच्या काही वर्षांत चित्रपट स्कॅन करण्याची यंत्रं झपाट्यानं सुधारली. त्यांना दाखवायला ती रिळं नव्हती.

आगीची बातमी होते. त्याहून गंभीर मला वाटते ती नोंदवहीची गोष्ट. २०१० मध्ये संग्रहालयातल्या डब्यांवर बारकोड लावायचं काम एका खासगी कंपनीला दिलं गेलं. पुढे वर्तमानपत्रांतून बाहेर आलेल्या आकडेवारीनुसार, नोंदीत असलेले सुमारे ५१,५०० डबे या मोजणीत जागेवर मिळाले नाहीत. उलट नोंदीत नसलेले ४,९२२ डबे जागेवर होते. नंतर कॅगच्या लेखापरीक्षणातही ३१ हजारांहून अधिक रिळं हरवल्याचा किंवा नष्ट झाल्याचा मुद्दा आला. बारकोडच्या मोजणीतल्या त्या दोन उलट्या आकड्यांकडे एकत्र बघायला हवं. जे आहे ते लिहिलेलं नाही आणि जे लिहिलं आहे ते नाही. चाकणच्या कुठल्याही कारखान्यातल्या स्टोअरकीपरला विचारा, स्टॉक टेकिंगला शंभर बेअरिंगांचा फरक आला तर त्याची झोप उडते. तिथं एकेका पार्टला बॅच नंबर असतो, कुठल्या ट्रकमधून आला हे सांगता येतं. ही शिस्त या पट्ट्याला अंगवळणी पडलेली आहे आणि चित्रपट सांभाळायला नेमकी तीच लागते. जतन म्हणजे थंड खोली आणि स्कॅनर एवढंच लोकांना वाटतं. आधी यादी लागते. कोणत्या डब्यात कुठलं रीळ, निगेटिव्ह की प्रिंट, किती फूट, शेवटचं कधी तपासलं, याची खरी यादी.

नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेला सुमारे ५९७ कोटी रुपये मंजूर केले. रिळांची तपासणी, दुरुस्ती, डिजिटायझेशन सुरू झालं. २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं. त्याच २०१४ मध्ये शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन काढलं. नायरांवर ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट करणारे ते हेच. काम चालू आहे आणि ते चांगलंच आहे. पण ‘सावकारी पाश’ला १९६४ सालीच उशीर झाला होता.

टीव्हीची कथा याहून कमी वेळात घडली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला दिसू लागलं. पिंपरीच्या कामगार वसाहतींत ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या दारात संध्याकाळी चपलांचा ढीग लागायचा. त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशींच्या कथांवरची ‘चिमणराव’ मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठी टीव्हीनं घराघरांत पोचवलेली ही पहिलीच जोडी म्हणावी लागेल. आज त्या मालिकेचे मोजकेच भाग हाती आहेत. टेप महाग होत्या, त्या पुसून त्यांच्यावर नवे कार्यक्रम घेतले जायचे. चांदीसाठी फिल्म धुतली गेली तशीच जागेसाठी टेप पुसली गेली.

ब्रिटनच्या बीबीसीनंही हेच केलं. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले सुमारे शंभर भाग असेच गेले. पण तिथं एक फरक पडला. परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रती कुठेकुठे पडून होत्या आणि २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ भाग परत मिळाले. शिवाय काही प्रेक्षकांनी तेव्हा टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज टिपला होता, म्हणून चित्र गेलेल्या भागांचा आवाज तरी आहे. ‘चिमणराव’च्या प्रती परदेशी कोण विकत घेणार होतं? मराठी कार्यक्रम मराठीपुरता राहिला आणि म्हणून त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

व्हिडिओ गेमबद्दल थोडक्यात, कारण तिथला पेच वेगळा आहे. तिथं वस्तू असते, पण ती चालवणारं यंत्र जातं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये दाखवलं की २०१० पूर्वी तिथं आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. २०२० च्या अखेरीला फ्लॅश बंद झालं आणि ब्राउझरमध्ये खेळायचे असंख्य गेम एका दिवसात गप्प झाले. बटणांच्या मोबाइलवर चालणारे जावा गेम आपल्याकडे मुंबईतल्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर केले. फोन भंगारात गेले तसे तेही गेले. त्यांची यादी करण्याचं कामही आपल्याकडे कुणाच्या खात्यात येत नाही.

डिजिटल केलं म्हणजे सुटलो, ही समजूत या क्षेत्रातल्या माणसांना मान्य नाही. हार्ड डिस्क काही वर्षांत दगा देते. मोठे संग्रह एलटीओ नावाच्या टेपवर ठेवतात. पण नव्या पिढीचं यंत्र मागच्या एक-दोन पिढ्यांच्याच टेप वाचतं, म्हणून ठरावीक वर्षांनी सगळा संग्रह नव्या टेपवर उतरवावा लागतो. हे काम कधीच संपत नाही आणि त्याचा खर्च दरवर्षी येतो. थंड खोलीत नीट ठेवलेली काळीपांढरी फिल्म शंभर वर्षांनंतरही उजेडासमोर धरली तर दिसते. हार्ड डिस्क उजेडासमोर धरून काही दिसत नाही. २०१३-१४ नंतर आपली थिएटरं डिजिटल झाली, मुंबईच्या फिल्म लॅब एकेक बंद पडल्या आणि त्यांच्याकडे पडलेल्या निगेटिव्हचा मालक शोधणं हेच एक काम होऊन बसलं. त्यानंतरचे मराठी चित्रपट बहुतेक फक्त फाइलच्या रूपात आहेत. निर्मात्यानं डिस्क कपाटात ठेवली असेल, तर ती अधूनमधून चालवून बघायला हवी, दुसरीकडे दुसरी प्रत हवी. छोट्या निर्मात्याला हे परवडत नाही आणि त्याला तसं कुणी सांगतही नाही.

कायद्यानंही त्याला भाग पाडलेलं नाही. १९५४ च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. चित्रपटाला असं सरसकट बंधन नाही. प्रमाणपत्रासाठी प्रत्येक चित्रपट सेन्सॉरकडे जातोच. त्याच वेळी एक प्रत संग्रहालयात जमा करायची सक्ती झाली, तर यापुढचे चित्रपट तरी घरच्या कपाटावर अवलंबून राहणार नाहीत. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य सरकार अनुदान देतं. त्या रकमेबरोबर जतनाची अट घालणं राज्याच्याच हातात आहे, त्यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही.

आणि जुन्याचं काय? शोध थांबवायचं कारण नाही. ‘बिल्वमंगल’ हा १९१९ चा कोलकात्याचा मूकपट गेलाच असं धरून चालले होते. पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेझमध्ये त्याचा ५९४ मीटरचा भाग निघाला आणि २०१६ मध्ये त्याची प्रत पुण्याला आली. फ्रित्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’चा हरवलेला भाग २००८ मध्ये ब्यूनस आयरिसच्या संग्रहालयात सापडला. भारतीय चित्रपट त्या काळी ब्रह्मदेश, सिलोन, पूर्व आफ्रिका असे फिरत होते आणि परत आणायचा खर्च टाळण्यासाठी प्रिंट तिथंच सोडून दिल्या जात. मराठी मूकपटांच्या उपशीर्षकांत अनेकदा दोन-तीन भाषा असायच्या, म्हणून डब्यावरचं लेबल गुजराती किंवा इंग्रजी असू शकतं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या जुन्या थिएटरांच्या माळ्यांवर, टुरिंग टॉकीज चालवलेल्या घराण्यांच्या कोठारांत अजून डबे निघतात. असा डबा मिळाला तर तो उन्हात उघडू नये, रीळ ओढून बघू नये, जवळ काडी ओढू नये. डबा सावलीत, मोकळ्या हवेत ठेवावा, त्याच्यावरचं नाव आणि लेबल यांचा फोटो काढावा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवावं. भंगारवाल्याला बोलवायच्या आधी.